नगरसेवकाकडे ना लाठी ना वर्दी, तरी भांडण झालं की पहिला फोन त्यालाच का?

बेळगावात रात्री गल्लीत कुठे बाचाबाची झाली, गाडी लावण्यावरून म्हणा नाहीतर मंडळाचा बॅनर फाडला म्हणून म्हणा, तर लोक ११२ ला फोन लावायच्या आधी नगरसेवकाला लावतात. आणि तो येतो पण. बर्म्युडावरच येतो, दोन्हीकडच्या पोरांना नावानं हाक मारतो, "तू आधी घरात जा, सकाळी बघूया" म्हणतो आणि बऱ्याच वेळा तेवढ्यावर मिटतं पण. आता कायद्यात बघायला गेलं तर ह्या माणसाला यातला काडीचा अधिकार नाही. मग हे काम त्याच्या गळ्यात पडलं कसं, ते जरा मागं जाऊन बघायला पाहिजे.

पोलीस हा विषय राज्याचा. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली (आपल्याकडं १ जून म्हटलं की वेगळंच आठवतं, त्यावर येतोच), तिच्यात महापालिकांना १८ विषय दिलेत. पथदीप, बागा, झोपडपट्टी सुधारणा, अग्निशमन, स्मशान, अगदी कोंडवाडासुद्धा आहे, पण कायदा-सुव्यवस्था नाही. कर्नाटकच्या १९७६ च्या महापालिका कायद्यातल्या स्थायी समित्या बघा, कर आणि अर्थ, आरोग्य-शिक्षण-सामाजिक न्याय, नगररचना आणि लेखा. सुरक्षेची एक पण नाही. म्हणजे नगरसेवकाच्या हातात काय, तर बंद पडलेला दिवा लावून घेणं, मोकळ्या प्लॉटवरची झाडी काढायला लावणं, दारूच्या दुकानाला हरकत घेणं, आणि आयुक्तांच्या मागं लागणं. हे काम बारीक वाटतं खरं, पण जिथं संध्याकाळनंतर पोरं बाटल्या घेऊन बसतात ती जागा उजेडात आली की निम्मा त्रास कमी होतो हे कुठल्याही गल्लीतली बाई सांगेल.

पण बेळगावात "सुरक्षा" म्हटलं की दिवाबत्ती कुणाच्या डोक्यात येत नाही, बंदोबस्त येतो. त्याचं कारण सीमाप्रश्न. १७ जानेवारी १९५६ ला इथं गोळीबार झाला, त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून १ नोव्हेंबरला एका बाजूला कर्नाटकच्या स्थापनेच्या राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या बाजूला मराठी लोकांची, निषेधाच्या काळ्या दिनाची फेरी, एकाच शहरात, एकाच दिवशी. पुढं १ जून १९८६ ला कन्नडसक्तीच्या विरोधातल्या आंदोलनात शहराला लागून असलेल्या हिंडलग्यात गोळीबार झाला, त्या आंदोलनात ९ जण गेले, स्मारक तिथंच आहे. एवढं सगळं बघितलेल्या शहरात पोलीस आणि मराठी गल्ली यांच्यात सरळ बोलणं होणं अवघडच होतं, मधे कुणीतरी लागायचं. तो मधला माणूस म्हणजे आधी गल्लीचे पंच आणि मग पंचांनीच उभा केलेला नगरसेवक. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीची महापालिकेवर बरीच वर्षं सत्ता होती, त्यामुळं नगरसेवक निवडायचा म्हणजे पंच कमिटी बसायची, नाव ठरवायची, आणि निवडून आल्यावर तो पंचांना उत्तर द्यायला बांधलेला असायचा. आता ह्यात बायकांना कोण विचारायचं, तरण्या पोरांना कोण विचारायचं, हा वेगळा प्रश्न आहे, पण भांडण मिटवायला ही रचना कामाची होती हे मान्य करायला पाहिजे.

हे सगळ्यात नीट दिसतं ते गणपतीत. विसर्जन मिरवणूक हुतात्मा चौकातून निघते ती कपिलेश्वर तलावापर्यंत, आणि दुसरा दिवस उजाडला तरी संपत नाही. त्याच्या आधी शांतता समितीच्या बैठका होतात, पोलीस अधिकारी, हेस्कॉमवाले (म्हणजे वीज कंपनीचे), महापालिकेचे इंजिनियर, गणेशोत्सव महामंडळाचे पदाधिकारी, मशीद कमिटीचे लोक आणि नगरसेवक. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं चहा-बिस्कीट आणि फोटो. पण खरं काम काय होतं, तर कुठली वायर खाली लोंबकळते, कुठं खड्ड्यात ट्रॉली अडकते, कुठल्या दोन मंडळांची गेल्या वर्षी झोंबाझोंबी झाली आणि त्यांच्यात यंदा किती अंतर ठेवायचं, डॉल्बी कुठल्या वळणावर बंद करायची. ट्रॉली अडकली की मागची मंडळं तुंबतात, तुंबली की दोन डॉल्बी समोरासमोर येतात आणि तिथंच पहिला धक्का बसतो. म्हणजे खड्डा बुजवणं हाच दंगल टाळायचा उपाय झाला, आणि तो मात्र शंभर टक्के महापालिकेच्या हातातला आहे. शिवजयंती आपल्याकडं वैशाखात होते, चित्ररथाच्या रात्री पण हाच हिशोब.

मग बिघडलं कुठं? माझ्या मते, मधला माणूसच वेळोवेळी काढून टाकला गेला. २००५ ला महापालिकेनं महाराष्ट्रात सामील करायचा ठराव केला, तेव्हाचे महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बेंगळूरमध्ये काळं फासलं गेलं, आणि वर सरकारनं महापालिकाच बरखास्त केली. २०११ ला परत बरखास्ती. ठराव बरोबर की चूक यावर दोन्हीकडून वर्षानुवर्षं बोलणं झालंय, त्यात मी पडत नाही, पण बरखास्ती म्हणजे नुसता महापौर घरी जात नाही, प्रत्येक वॉर्डातला तो बर्म्युडावर येणारा माणूस पण अधिकृतपणे कुणीच उरत नाही. नंतरच्या सभागृहाची मुदत २०१९ ला संपली, निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ ला. पहिल्यांदाच पक्षाच्या चिन्हावर झाली, ५८ पैकी ३५ जागा भाजपला, एकीकरण समिती अगदी थोडक्यावर आली. आणि निवडून आलेल्यांना महापौर निवडायला फेब्रुवारी २०२३ उजाडला!

मधल्या काळात काय झालं बघा. डिसेंबर २०२१, बेळगावातल्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू, बेंगळूरला शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकल्याची बातमी आली, इथं लोक रस्त्यावर आले, गाड्यांवर दगड पडले आणि रात्रीत शहरातल्या अनगोळ भागात कर्नाटकचे स्वातंत्र्यवीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. मग जमावबंदी, धरपकड. त्या वेळी शहराकडं ५८ निवडून आलेले नगरसेवक होते आणि एकाच्याही हातात कारभार नव्हता. ते असते तर दगड पडलेच नसते असं मी म्हणत नाही, पण कुणाचं पोरगं कुठं आहे हे माहीत असणारी माणसं बाहेर ठेवून शहर चालवलं हे खरं.

दरम्यान पोलिसांकडची व्यवस्था बरीच बदलली. २०१४ ला शहराला पोलीस आयुक्तालय मिळालं, २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत बेळगाव आलं, कमांड सेंटर झालं, चौकाचौकात कॅमेरे लागले. त्यामुळं आता नगरसेवक पण "माझ्या वॉर्डात कॅमेरे द्या" एवढीच मागणी करतात, ती सोपी असते, उद्घाटन पण होतं. कॅमेऱ्यात दगड मारणारा दिसतो, पण दगड उचलायच्या आधी त्याचा हात धरायला माणूसच लागतो की.

एक गोष्ट मात्र जुन्या पंच पद्धतीत कधीच बसली नाही, ती म्हणजे घरातली मारहाण. दोन मंडळांचं भांडण समजुतीनं मिटतं, पण नवऱ्यानं मारलं म्हणून आलेल्या बाईला पण तेच औषध दिलं गेलं, "समजुतीनं घे, परत करणार नाही म्हणतोय." आता निम्म्याच्या आसपास वॉर्ड महिलांना राखीव असतात, नगरसेविकांकडं हे फोन जास्त येतात (फोन नवऱ्याकडं असला तर तो वेगळाच घोळ), आणि त्यातल्या कितीतरी जणींना २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा हाताशी आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. त्यात संरक्षण अधिकारी आहे, आणि त्याला माहिती द्यायला पोलीस असायची किंवा नातेवाईक असायची गरज नाही, कुणीही देऊ शकतो, चांगल्या हेतूनं दिली तर देणाऱ्यावर काही येत पण नाही. नगरसेवकाला अधिकार नाही अधिकार नाही म्हणतात, तर हा एक अधिकार त्याला आहेच, फक्त तो वापरायचा म्हणजे त्याच गल्लीतल्या आपल्या मतदाराच्या विरोधात जाऊन.