कलिवर्ष 3735 आणि शक 556

पंचांगात गतकलि, म्हणजे कलियुगाची सरलेली वर्षं, आणि शालिवाहन शक शेजारीशेजारी छापलेले असतात. दोन्ही आकडेच, म्हणून दोन्हींचं वजन सारखं वाटतं. मग ‘कलियुग इ.स.पू. 3102 ला सुरू झालं, म्हणजे भारतीय युद्ध तेव्हाचंच, हे सिद्ध आहे’ असं बिनधास्त सांगितलं जातं. ते सिद्ध नाही.

कर्नाटकातल्या ऐहोळेच्या मेगुती जैन मंदिरात हे दोन आकडे एकत्र भेटतात. तिथे रविकीर्ती या कवीने चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती कोरवली आहे. 99,000 गावांच्या ‘तीन महाराष्ट्रकां’चा धनी तो हाच. लेखाचं वर्ष दोन तऱ्हांनी दिलंय: भारतीय युद्धापासून 3735 आणि शक राजांची 556, म्हणजे इ.स. 634-35.

यातलं 556 पारखून घेता येतं. पुलकेशीने उत्तरेच्या हर्ष राजाला हरवल्याचं या लेखात आहे. त्याच सुमारास भारतात फिरणारा युआन श्वांग हर्षाला भेटला, महाराष्ट्रातही आला, आणि पुलकेशी हर्षाला नमला नाही असं त्यानेही लिहून ठेवलं. चीनहून आलेल्या या भिक्षूचा रविकीर्तीशी काही संबंध नव्हता, तरी मेळ बसतो. आणखी मागे गेलं तर याच शकाच्या 52 व्या वर्षाचे कच्छमधल्या अंधौचे लेख, 72 व्या वर्षाचा रुद्रदामनचा जुनागढचा लेख आणि क्षत्रपांची, म्हणजे पश्चिम भारतातल्या शक राजांची, वर्ष छापलेली चांदीची नाणी सापडतात. लोक ही वर्षं त्या त्या वेळी मोजत होते. शालिवाहनाचं नाव आणि पैठणच्या मातीच्या सैनिकांची कथा पुढे कधीतरी चिकटली. ती बाजूला काढली तरी मोजणी ढळत नाही.

3735 मागे मोजलं तर इ.स.पू. 3102 लाच पोचतं, पण त्याला असा साक्षीदार नाही. त्याचं मूळ ज्योतिर्गणितात आहे. आपण 23 वर्षांचे असताना युगाची 60 गुणिले 60, म्हणजे 3600 वर्षं सरली होती, असं आर्यभट सांगतो. ते साल इ.स. 499. सगळे ग्रह मेषारंभी एकत्र येतील असा क्षण मागे मोजत जाऊन धरलेला हा आरंभबिंदू आहे. आजच्या गणिताने पाहिलं तर त्या दिवशी ग्रह एका बिंदूवर नव्हते.

युगांच्या लांबीचंही तसंच. पुराणांत कलियुग 4,32,000 वर्षांचं. आर्यभटाने मात्र चारही युगं सारखी, 10,80,000 वर्षांची धरली, आणि ब्रह्मगुप्ताने त्यावरून त्याला धारेवर धरलं. दोघेही थोर गणिती, पण भांडण शास्त्रवचन आणि गणिताचं होतं. कुणी पाहिलेल्या घटनेचं नव्हतं. संकल्पात ‘कलियुगे प्रथमचरणे’ म्हणताना माझेही हात आपोआप जुळतात. इतिहासाच्या पुस्तकात मात्र ते साल म्हणून छापू नये.

नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीचे लेख आहेत. त्यांत त्याच्या कारकिर्दीचं 18 वं आणि 24 वं वर्ष येतं, कलिवर्ष कुठेही येत नाही.