बटण दाबण्याआधी
इन्स्टंट कॅमेरा विकत किंवा भाड्याने घेणाऱ्या साताऱ्यातील ग्राहकांसाठी

इन्स्टॅक्स मिनी आणि पोलरॉइड हे बटण दाबताच छापील फोटो देणारे इन्स्टंट कॅमेरे. इन्स्टॅक्स मिनीच्या फिल्मच्या एका पॅकमध्ये १० फोटो निघतात, पोलरॉइडच्या पॅकमध्ये ८. चुकलेला फोटो पुसता येत नाही आणि निगेटिव्हही नसते, म्हणून चूक झाली की तेवढ्या फिल्मचे पैसे वाया जातात. बहुतेक चुका आधी माहिती असली की टळतात.

आधी हे ठरवा की कॅमेरा हवा आहे की छापील फोटो. फोनमधलेच फोटो हातात हवे असतील तर कॅमेरा घेऊ नका, इन्स्टॅक्स मिनी लिंकसारखा प्रिंटर घ्या. फिल्म तीच लागते, पण फोटो आधी बघून निवडता येतो. हळदीला, बारशाला पाहुण्यांच्या हातात तिथल्या तिथे फोटो द्यायचा असेल तर मात्र कॅमेऱ्यासारखी मजा नाही. ६० फोटोंचा हिशेब असेल तर ६ नव्हे, ८ पॅक घ्या. हळदीत कॅमेरा एकाच माणसाकडे ठेवा, कारण लेन्सवर हळदीचे बोट लागले की पुढचे सगळे फोटो धुरकट येतात.

घरात जुना पोलरॉइड असेल तर नवी फिल्म घेण्याआधी तो आमच्याकडे दाखवायला आणा. ६०० आणि एसएक्स-७० या जुन्या पोलरॉइड कॅमेऱ्यांना वीज फिल्मच्या पॅकमधल्या बॅटरीतून मिळते. नव्या पोलरॉइड कॅमेऱ्यांसाठीच्या आय-टाइप पॅकमध्ये बॅटरीच नसते, त्यामुळे तो पॅक जुन्या कॅमेऱ्यात घातला तर कॅमेरा चालत नाही. पोलरॉइडने २००८ मध्ये फिल्म बंद केली होती. आज मिळणारी पोलरॉइड फिल्म नेदरलँड्समधल्या एन्सखेडे येथील कारखान्यात तयार होते.

इन्स्टॅक्स मिनीचा पॅक भरताना तो दोन्ही कडांनी धरा. मागच्या दोन चौकोनी भोकांवर बोट दाबू नका. पॅकवरची पिवळी खूण कॅमेऱ्यातल्या पिवळ्या खुणेसमोर आली पाहिजे. कॅमेऱ्याचे मागचे दार लावून बटण दाबले की आधी काळे झाकण बाहेर येते आणि आकडा १० दिसतो. त्यानंतर आकडा ० होईपर्यंत दार उघडू नका. ‘किती राहिले बघू’ म्हणून उघडले की आत प्रकाश जातो आणि फिल्म पांढरी पडते.

फोटोच्या खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत रसायनाची पुडी असते. फोटो बाहेर येताना कॅमेऱ्यातले रोलर ती फोडून आतला लेप सगळीकडे एकसमान पसरवतात. म्हणून फोटो ओढू नका, बाहेर येण्याच्या फटीवर बोट ठेवू नका, फोटो वाकवू किंवा झटकू नका. फिल्म कापूही नका. लेप अल्कधर्मी असतो, हाताला लागला तर भरपूर पाण्याने धुवा. इन्स्टॅक्सचा फोटो सुमारे ९० सेकंदांत उमटतो, पोलरॉइडच्या रंगीत फोटोला १०-१५ मिनिटे लागतात आणि सुरुवातीला तो उजेडापासून झाकून ठेवावा लागतो.

इन्स्टॅक्सच्या मिनी ११ आणि १२ या मॉडेलांमध्ये फ्लॅश प्रत्येक वेळी पडतो, तो बंद करता येत नाही. त्याचा उजेड साधारण सात फुटांपर्यंतच पोचतो. रात्रीच्या मांडवात मागची माणसे काळी दिसतात ती यामुळे. महाबळेश्वरच्या धुक्यात हाच फ्लॅश धुक्यावर आपटून पांढरा पडदा येतो. तिथे धुके विरळ होईपर्यंत थांबलेले बरे. कासला एकेका फुलाच्या मागे लागू नका. लेन्स क्लोज-अपवर नेऊन ३० सेंटीमीटरवरून काढले तरी दीड सेंटीमीटरचे फूल फोटोत जेमतेम चार मिलिमीटरचे उतरते. माणूस पुढे आणि फुलांचा सडा मागे, असा फोटो छान येतो.

थंडीत फोटो निघाल्यावर तो लगेच आतल्या खिशात ठेवा, नाहीतर फिका येतो. उन्हाळ्याची काळजी त्याहून मोठी आहे. पोलरॉइड फिल्मला १३ ते २८ अंश तापमान मानवते. एप्रिलमध्ये बंद गाडीत ठेवलेली फिल्म पिवळट, लालसर होते. न उघडलेले पॅक फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि वापरण्याआधी तासभर बाहेर काढा. विमानाने जाताना फिल्म हातातल्या बॅगेत न्या.

मिनी फोटो ५४ × ८६ मिलिमीटरचा, म्हणजे एटीएम कार्डाएवढा असतो. पाकिटातही मावतो, पण लॅमिनेशन करू नका, त्या उष्णतेने फोटो खराब होतो. आवडता फोटो त्याच दिवशी फोनवर काढून ठेवा, दुसरी प्रत निघण्याचा तो सोपा मार्ग आहे.

बिघडलेला फोटो फेकू नका, त्यावरून कारण सांगता येते. पूर्ण पांढरा असेल तर प्रकाश जास्त झाला किंवा दार उघडले गेले. पूर्ण काळा असेल तर प्रकाश पोचलाच नाही. कोपरा उमटला नसेल तर लेप नीट पसरला नाही. ठराविक अंतरावर तेच ठिपके दिसत असतील तर रोलरवर घाण आहे. फ्लॅश चार्ज व्हायला वेळ लागत असेल तर दोन्ही पेन्सिल सेल एकदमच बदला. तरीही उलगडा होत नसेल तर तो फोटो आणि कॅमेरा दोन्ही घेऊन या, आणि आत पॅक असेल तर वाटेत दार उघडू नका.