पॅचमालिका (लिनक्स कर्नल)

मोठा बदल एकगठ्ठा न पाठवता त्याचे छोटे, स्वतंत्रपणे तपासता येतील असे भाग क्रमाने पाठवण्याची लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, विकासातील रीत. प्रत्येक भाग म्हणजे एक पॅच. शीर्षकात '३/७' असेल तर तो सातांपैकी तिसरा, 'व्ही२' असेल तर मालिकेची दुसरी आवृत्ती.

कर्नलच्या मार्गदर्शिकेनुसार एका पॅचने एकच प्रश्न सोडवावा. ड्रायव्हरमधला (उपकरण चालवणाऱ्या कोडमधला) दोषही काढायचा आणि त्याचा वेगही वाढवायचा, तर पॅच दोन. उलट, एकच बदल अनेक फाइलींत करावा लागत असेल तर तो एकाच पॅचमध्ये जातो. कोड एका फाइलमधून दुसरीत हलवताना त्याच पॅचमध्ये त्यातली एकही ओळ बदलायची नाही, हा नियम विशेष मोलाचा आहे : हललेल्या चारशे ओळींत '<' च्या जागी '<=' झाले, तर ते कसलेल्या तपासनिसाच्याही नजरेतून निसटते. मालिका आवरतच नसेल तर एका वेळी साधारण १५ पॅच पाठवून थांबावे, असेही मार्गदर्शिका सुचवते.

मालिकेतला कोणताही पॅच लावल्यावर कर्नल बिल्ड झाला (कोडपासून चालवता येण्याजोगा तयार झाला) पाहिजे आणि चाललाही पाहिजे. यामागे 'गिट बायसेक्ट' आहे. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या 'गिट' प्रणालीचे हे साधन बदलांचा इतिहास दर वेळी निम्मा करत दोष कुठे शिरला ते शोधते. १,००० कमिटांमधून (नोंदवलेल्या बदलांमधून) दोषी कमिट साधारण १० चाचण्यांत सापडते. मधलाच टप्पा बिल्ड होत नसेल तर शोध तिथे अडतो. सापडलेले कमिट वीस ओळींचे असेल तर कारण वाचून कळते. चार हजार ओळींचे असेल तर खरा शोध तिथून पुढे सुरू होतो.

या पद्धतीची सर्वांत मोठी कसोटी 'प्रीएम्प्ट आरटी' या कामात लागली. कर्नलला ठरावीक वेळेत (रिअल-टाइम) प्रतिसाद द्यायला लावणारे हे बदल सुमारे वीस वर्षे मुख्य शाखेबाहेर (कर्नलच्या अधिकृत कोडबाहेर) सांभाळले गेले आणि तुकड्यातुकड्यांनी आत आले. त्यांतले कितीतरी भाग, उदाहरणार्थ म्युटेक्स (एका वेळी एकालाच वापर करू देणारे कुलूप) आणि सूक्ष्म टायमर, रिअल-टाइमशी संबंध नसलेल्यांनाही उपयोगी ठरले. शेवटी अडले होते ते संदेश छापणाऱ्या 'प्रिंटके'च्या फेररचनेपाशी. ती मार्गी लागल्यावर नोव्हेंबर २०२४ मधील ६.१२ आवृत्तीत हा पर्याय एक्स८६, आर्म६४ आणि रिस्क-व्ही या प्रोसेसर-प्रकारांसाठी खुला झाला.

तुकडे पाडण्याचे कष्ट लिहिणाऱ्यावर पडतात. चालता कोड हाती असताना गिटच्या 'रिबेस' आज्ञेने त्याचा इतिहास पुन्हा रचायचा, हे नवख्याला जाचक वाटते. पण लिहिणारे पुष्कळ आणि तपासणारे मोजके असताना ओझे लिहिणाऱ्यांकडेच असणे रास्त आहे. अतिरेकाचा तोटाही खरा आहे. पहिल्या पॅचमध्ये आलेले फंक्शन सहाव्यापर्यंत कोणी वापरतच नसेल, तर ते योग्य आहे का हे पहिल्या पॅचवरून ठरवता येत नाही. म्हणून मालिकेच्या आरंभी '०/७' असे आवरणपत्र जोडतात आणि त्यात सगळ्या बदलांचा हेतू मांडतात.