प्रकटीकरणाची जगबुडी कशी झाली

मराठी बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाचं नाव ‘प्रकटीकरण’. मूळ ग्रीक शब्द ‘अपोकॅलिप्सिस’, त्याचा अर्थही तोच, झाकलेलं उघड करणं. हाच शब्द ‘अपोकॅलिप्स’ होऊन इंग्रजी सिनेमा आणि बातम्यांतून फिरून आपल्याकडे येतो, तेव्हा मात्र त्याची ‘जगबुडी’ झालेली असते, नाहीतर ‘महाप्रलय’. हा केवळ भाषांतराचा घोळ नाही. जगाच्या अंताची ख्रिस्ती कल्पना आधी पश्चिमेतच बदलली, आणि आपल्यापर्यंत पोचली ती बदललेली. या प्रवासात मुंबईचाही एक छोटा वाटा आहे.

पुस्तक लिहिलं गेलं ते बहुधा पहिल्या शतकाच्या अखेरीस. पात्मस बेटावर असलेला योहान आजच्या तुर्कस्तानातल्या सात ख्रिस्ती मंडळ्यांना लिहितो. सम्राटाची देव म्हणून पूजा होण्याचे ते दिवस. रोमचं नाव तो घेत नाही, ‘बाबेल’ म्हणतो. अठराव्या अध्यायात हे बाबेल कोसळतं आणि व्यापारी किनाऱ्यावर उभे राहून रडतात, कारण आता त्यांचा माल घेणार कोण? सोनं, मोती, हस्तिदंत, दालचिनी अशी लांबलचक यादी येते आणि शेवटी येतात गुलाम, माणसांचे जीव. त्या काळी रोमच्या बाजारासाठी माल नेणारी जहाजं आपल्या सोपारा-कल्याणपर्यंत येत होती, हे लक्षात ठेवून तो अध्याय वाचला की अंगावर येतो. माणसं विकणारी व्यवस्था कायमची नाही, एक दिवस तिचा न्याय होईल, असं तो सांगतो. हे पुस्तक घाबरलेल्यांना धीर देण्यासाठी लिहिलेलं होतं. पुढे सगळं बदललं ते हा मुद्दा निसटला म्हणून, असं मला वाटतं.

चौथ्या शतकात रोमचं साम्राज्यच ख्रिस्ती झालं. ज्याच्या पतनाची वाट पाहायची तेच आता आपलं. पाचव्या शतकात संत ऑगस्टिन यांनी विसाव्या अध्यायातलं ख्रिस्ताचं ‘हजार वर्षांचं राज्य’ म्हणजे चर्चचाच चालू काळ, असा अर्थ लावला. तारखा मोजू नका, असा त्याचा रोख होता. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू तेच सांगतो, तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही.

तरी मोजदाद थांबली नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत तिला एक आशावादी वळण मिळालं. सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, जगभर पोचेल, गुलामगिरी आणि अज्ञान हटेल, ती हजार वर्षं याच पृथ्वीवर उजाडतील आणि मगच ख्रिस्त येईल, असं अनेकांना वाटू लागलं. याच विश्वासाच्या बळावर १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. कंपनी सरकारने त्यांना परत पाठवायचा प्रयत्न केला, पण ते टिकून राहिले. १८१८ मध्ये हॉल यांनी सहकारी सॅम्युएल न्यूवेल यांच्यासोबत जगातल्या साठ कोटी माणसांपर्यंत सुवार्ता नेण्याचा हिशोब मांडणारी पुस्तिका लिहिली. जगाचा शेवट जवळ आणण्याचा तो आराखडाच, पण त्यात आग-धूर नव्हता. शाळा होत्या, भाषांतरं होती, छापखाना होता. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्याने गेले. मुंबईत अमेरिकन मिशनची छपाई पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा शिळाप्रेस उभारला आणि १८३१ मध्ये त्यावर मराठी पंचांग छापलं. एका काळकल्पनेसाठी आणलेल्या यंत्राची विद्या अगदी वेगळ्या काळकल्पनेच्या कामी आली. मराठी छपाईच्या इतिहासातली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हा आशावाद पहिल्या महायुद्धाने मोडला, पण त्याचा पर्याय आधीच तयार होता. १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने वेगळा क्रम मांडला होता. जग बिघडतच जाणार, खऱ्या विश्वासणाऱ्यांना अचानक वर उचललं जाणार, मागे राहिलेल्यांवर संकटांची मालिका कोसळणार. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या पुनरागमनासाठी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीखही धरली होती. ती आली आणि गेली. १९०९ मध्ये अमेरिकन धर्मोपदेशक स्कोफिल्ड यांच्या टिपांसह बायबल निघालं, आणि डार्बींचा क्रम अमेरिकेतल्या घराघरांत गेला. आजच्या सिनेमांतली रिकामी शहरं आणि अचानक गायब होणारी माणसं बऱ्याच अंशी तिथून आलेली आहेत.

१६ जुलै १९४५ रोजी अणुबॉम्बची पहिली चाचणी झाली. चाचणीचं नाव ‘ट्रिनिटी’, म्हणजे ख्रिस्ती त्रैक्य. आणि त्या क्षणाबद्दल बोलताना बॉम्बच्या प्रयोगशाळेचे प्रमुख ओपेनहायमर यांनी पुढे सांगितला तो गीतेच्या अकराव्या अध्यायातला श्लोक. इथून जग संपवण्याची ताकद देवाकडून माणसाकडे आली. १९४७ मध्ये अणुशास्त्रज्ञांच्या नियतकालिकाने मध्यरात्रीला सात मिनिटं कमी दाखवणारं ‘डूम्सडे क्लॉक’ छापलं. त्यातली मध्यरात्र म्हणजे जगाचा अंत. २०२५ च्या जानेवारीत ते ८९ सेकंदांवर आलं. यातल्या ‘डूम’चा जुना अर्थ विनाश नव्हे, निवाडा. घड्याळ उरलं, न्यायाधीश गेला. हिंदी सिनेमाने ‘कयामत’चंही असंच केलं. मृतांनी उठून उभं राहण्याचा तो दिवस गाण्यांत नायिकेच्या नजरेवर येऊन थांबला.

आपल्याकडे ही बदललेली कल्पना सहज रुजली, कारण जमीन तयार होती. फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रहीच्या, म्हणजे आठ ग्रह एका राशीत येण्याच्या, भीतीने देशभर यज्ञ झाले. पुढे २००८ मध्ये जिनिव्हाजवळचा कणांचा प्रयोग आणि २०१२ मध्ये मायांचं कॅलेंडर, दोन्हींवर वाहिन्यांनी तासन्‌तास घालवले. पण युगचक्रात प्रलयानंतर पुन्हा कृतयुग येतं. ख्रिस्ती कल्पनेत काळ सरळ रेषेत जातो आणि शेवटी हिशोब होतो. ‘जगबुडी’ या एका शब्दात कृतयुगही बुडतं आणि हिशोबही.

मुंबईच्या चर्चमध्ये मात्र वेगळंच ऐकू येतं. दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस, आगमनकाळाच्या तोंडावर, मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, जगाच्या अंताची वाचनं होतात आणि तिथूनच नाताळची तयारी सुरू होते. मृतांसाठीच्या मिस्सेतलं ‘कोपाचा दिवस’ हे लॅटिन स्तोत्र कॅथलिक चर्चच्या १९६० च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या सुधारणांत मागे पडलं. १८९६ च्या प्लेगात इथल्या ख्रिस्ती वस्त्यांनी गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभारले. जग संपतंय म्हणून नव्हे, वस्ती वाचावी म्हणून. गिरगाव-वांद्र्यात साथीच्या आठवणीचे ते क्रूस आजही आहेत.

आता अंताची भाषा हवामानाकडे वळली आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ‘जगबुडी’ हा शब्द मुंबईकरांना शब्दशः कळला. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीविषयीच्या आपल्या परिपत्रकात पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकायला सांगितलं. अठराव्या अध्यायातल्या यादीच्या शेवटी आलेली माणसं त्यात मला पुन्हा दिसतात.

एकविसाव्या अध्यायात नवं आकाश आणि नवी पृथ्वी येते. कुणी वर उचललं जात नाही, शहरच खाली उतरतं आणि त्याच्या वेशी कधी बंद होत नाहीत. या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत म्हटलंय की समुद्र उरला नाही. योहानासाठी समुद्र म्हणजे ज्यातून श्वापद वर येतं ती खळबळ, आणि त्याच्या बेटाला पडलेला वेढा. गोराई, उत्तन, वसईच्या ख्रिस्ती कोळ्यांसाठी मात्र समुद्र म्हणजे रोजची भाकरी. पावसाळा सरला की त्यांच्या होड्यांना फादर आशीर्वाद देतात, आणि होड्या पुन्हा त्याच पाण्यात जातात.