‘गुड टच, बॅड टच’ आले कुठून?

‘गुड टच, बॅड टच’ हे शब्द आता बालवाडीतल्या मुलांनाही पाठ असतात. ते इतके रुळलेत, की पूर्वापार चालत आले असावेत असंच वाटतं. प्रत्यक्षात ज्या मांडणीतून ते निघाले ती १९७७ सालची आहे, आणि त्या मांडणीत चांगला आणि वाईट यांच्या मधोमध आणखी एक स्पर्श होता. तो वाटेत गळून पडला. लहान मुलांना शरीराचा खासगीपणा कसा शिकवायचा यावर पुढे जे वाद झाले, त्यांतले बरेचसे त्या गळून पडलेल्या स्पर्शापाशी येऊन थांबतात.

मुलांवर लैंगिक अत्याचार होतात हे त्याच्या कितीतरी आधी कागदावर आलं होतं. फ्रान्समधले न्यायवैद्यक तज्ज्ञ ऑंब्रोआझ तार्द्यू यांनी १८५७ मध्ये अशा प्रकरणांच्या वैद्यकीय नोंदी प्रसिद्ध केल्या. १८९६ मध्ये व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांनी, उन्मादाच्या (हिस्टेरियाच्या) रुग्णांच्या दुखण्याचं मूळ बालपणी झालेल्या अत्याचारात आहे, असं डॉक्टरांच्या सभेत मांडलं. दुसऱ्याच वर्षी त्यांनी या मतावरून माघार घ्यायला सुरुवात केली. पुढे कित्येक दशकं, मूल असं काही सांगू लागलं तर ते मनचं सांगतंय असं म्हणायला मोठ्यांना शास्त्राचा आधार मिळाला. ही माघार मुलांना महागात पडली, असं माझं मत आहे.

१९६२ मध्ये अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरातल्या मारहाणीने जखमी होणाऱ्या मुलांवर लेख लिहिला आणि वैद्यकीय जग खडबडून जागं झालं. पण तो लेख मोडलेल्या हाडांचा होता. लैंगिक अत्याचारांकडे केम्प यांनी सगळ्यांचं लक्ष वेधलं ते पंधरा वर्षांनी, १९७७ मध्ये. बालरोगशास्त्रातला हा ‘आणखी एक दडलेला प्रश्न’ आहे, असं त्यांनी व्याख्यानाच्या शीर्षकातच म्हटलं.

तोवर मुलांना काहीच शिकवलं जात नव्हतं असं नाही. शिकवण होती ती अनोळखी माणसाची. त्याच्याकडून खाऊ घेऊ नको, त्याच्या गाडीत बसू नको. ही सूचना चुकीची नाही, पण ती धोक्याला घराच्या उंबऱ्याबाहेर उभा करते, आणि पालकांना तेच सोयीचं वाटत असणार. डेव्हिड फिंकेलहॉर या समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीने ही सोय मोडली. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातल्या महाविद्यालयांतल्या ७९६ विद्यार्थ्यांना त्याने बालपणाबद्दल विचारलं होतं. १९ टक्के मुलींनी आणि ९ टक्के मुलांनी आपल्या बाबतीत असं घडल्याचं सांगितलं, आणि मुलींच्या अनुभवांत बहुतेक माणसं ओळखीची होती, कित्येकदा घरातलीच.

फिंकेलहॉरच्या आकड्यांची वाट न पाहता स्त्रियांच्या चळवळीने हा विषय हातात घेतला होता. १९७१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या बलात्कारविषयक परिषदेत समाजकार्यकर्त्या फ्लॉरेन्स रश यांनी मुलांवरच्या अत्याचारांबद्दल उघड भाषण केलं. १९७८ मध्ये ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात, एका प्राथमिक शाळेतल्या मुलीवर बलात्कार झाल्यानंतर, बलात्कारविरोधी काम करणाऱ्या स्त्रियांच्या गटाने शाळेत जाऊन मुलांसाठी कार्यशाळा घ्यायला सुरुवात केली. सुरक्षित असणं, खंबीर असणं आणि मोकळं असणं हा तुमचा हक्क आहे, असं त्या मुलांना सांगत. नुसती भीती घालण्यापेक्षा हे फार वेगळं होतं.

त्याच सुमारास, १९७७ मध्ये, अमेरिकेतल्याच मिनियापोलिस शहरात, सरकारी वकिलांच्या कार्यालयात काम करणाऱ्या कॉर्डेलिया अँडरसन यांनी स्पर्शांची एक सलग रेषा आखली. एका टोकाला मायेचा स्पर्श, दुसऱ्या टोकाला गैरफायदा घेणारा स्पर्श आणि मध्ये गोंधळात टाकणारा. गुदगुल्या सुरू होतात तेव्हा मजा येते, मग नकोशा होतात, पण समोरचा थांबत नाही. अशा वेळी मूल हसत असतं आणि त्याला रडूही येत असतं. या मांडणीवर तिथल्याच एका नाट्यसंस्थेने मुलांसाठी नाटक बसवलं आणि ती कल्पना दूरवर पोचली.

पण कल्पना पसरताना तिचे काने-कोपरे झिजतात. गोंधळाचा भाग शिकवायला अवघड, तर चांगला-वाईट ही जोडी भिंतीवरच्या तक्त्यावर नीट बसते. मग आनंदी चेहरा म्हणजे चांगला स्पर्श आणि रडका चेहरा म्हणजे वाईट, एवढंच उरलं. इंजेक्शन दुखतं, म्हणून ते वाईट? आणि जो माणूस लाडीगोडी लावत, खेळता खेळता हात लावतो, त्याचा स्पर्श मुलाला त्या क्षणी वाईट वाटेलच असं कुठे आहे?

हा आक्षेप निव्वळ तर्काचा नव्हता. सँडी वर्टेली या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात शाळापूर्व वयाच्या मुलांवर प्रयोग केले. ‘तुला कसं वाटतं त्यावरून ओळख’ असं शिकवलेल्या मुलांपेक्षा साधा नियम शिकवलेल्या मुलांना बरंच अधिक कळलं. नियम असा: स्वच्छता किंवा तब्येतीचं कारण नसेल, तर तुझ्या खासगी अवयवांना मोठ्या माणसाने हात लावायचा नाही. त्यासाठी अवयवांची खरी नावं मुलांना माहीत हवीत, हेही ओघाने आलं. नुसतं ‘तिथे’ म्हटलं की कुठे ते ऐकणाऱ्याला कळत नाही.

याच दशकात कॅलिफोर्नियाने शाळांतून असं प्रशिक्षण देण्यासाठी कायदा करून पैसा दिला, आणि १९९० मध्ये तो निधी थांबला. त्या दरम्यानची टीका बोचरी होती: चार वर्षांच्या मुलाने मोठ्या माणसाला अडवावं ही अपेक्षाच कशी करायची? मला ही टीका पूर्ण पटत नाही, पण ती विसरलीही जाऊ नये. धड्याचं नाव ‘स्वतःचं रक्षण करा’ असं ठेवलं, की रक्षण न जमलेलं मूल स्वतःलाच दोषी धरतं. नंतरच्या धड्यांत ‘तुझी चूक नाही’ हे वाक्य आवर्जून येतं, त्याचं कारण हेच.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने या विषयाला अधिकारांची भाषा दिली. कलम १६ मुलाच्या खासगीपणाबद्दल आहे, १९ आणि ३४ अत्याचार आणि लैंगिक शोषणापासूनच्या संरक्षणाबद्दल. २०१० मध्ये युरोप परिषदेने सुरू केलेल्या मोहिमेत ‘चड्डीचा नियम’ आला: चड्डीने झाकलेल्या जागेला दुसऱ्याने हात लावायचा नाही आणि दुसऱ्याच्या तशा जागेला आपणही लावायचा नाही. हे वर्टेलींच्या नियमाचंच सुटसुटीत रूप म्हणता येईल. सोबत गुपितांचा भागही आहे. वाढदिवसाची भेट लपवणं वेगळं आणि ‘आईला सांगू नकोस’ वेगळं.

इतकं शिकवून काय साधलं? २०१५ मध्ये शाळांतल्या अशा कार्यक्रमांच्या २४ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या; त्यांत ५,८०२ मुलं होती. मुलांचं ज्ञान आणि कौशल्य वाढलेलं दिसलं. आपल्यावर अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांचं प्रमाण न शिकवलेल्या गटात हजारी ४, तर शिकवलेल्या गटात १४ होतं; म्हणजे शिकल्यावर अधिक मुलं बोलती झाली. अत्याचार कमी झाले का, हे मात्र त्यातून सिद्ध झालं नाही.

गळून पडलेला मधला स्पर्श अलीकडे मागच्या दाराने परत आला आहे. लैंगिकता शिक्षणाच्या २०१८ च्या सुधारित मार्गदर्शिकेत युनेस्कोने, आपल्या शरीराला कोणी, कुठे आणि कसा हात लावायचा हे ठरवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, हे पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी नोंदवलं. यात फक्त चड्डीखालची जागा येत नाही, गालही येतो. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्स संघटनेने पालकांना आठवण करून दिली होती, की सणासुदीला भेटणाऱ्या नातेवाइकांना मिठी मारणं मुलीवर बंधनकारक नाही. त्यावर बराच गदारोळ झाला. एवढ्याशा मिठीतही संशय पेरायचा का, असं लोक विचारत होते. त्यांच्या प्रश्नात मुलीने मिठी नाकारण्याची गोष्ट कुठेच नव्हती, होता तो फक्त मिठी मागणाऱ्याचा मान.