संध्याकाळी सातचं ऊन

मे महिन्यात अकोल्याला मामाकडे गेलो की संध्याकाळचं एक काम ठरलेलं असतं. ऊन कललं की बादल्या घेऊन गच्चीवर जायचं आणि पाणी मारायचं. पहिला तांब्या पडला की स्लॅबमधून गरम वाफेचा भपकारा येतो आणि ओला डाग बघता बघता वाळतो. एवढं करूनही रात्री खाली खोलीत पाय टाकला की डोक्यावर कुणी तवा धरल्यासारखं वाटतं. अंगणात वारं सुटलेलं असतं, आत कूलर सुरू असतो, तरी घाम. मामा म्हणतो, "गरम हवा वर साठते आणि पंखा ती खाली फेकतो." बहुतेकांना असंच वाटतं आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण मुख्य गुन्हेगार छत आहे.

खाटेवर उभं राहून छताला तळहात लावून बघा, सकाळी अकराला एकदा आणि संध्याकाळी सातला एकदा. अकराला छत कोमट लागतं, सातला चांगलंच गरम. सूर्य मावळला तरी दुपारचं ऊन अजून तुमच्या खोलीत उतरतंय.

हे कसं होतं, ते मला फार आवडतं. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग उभी आहे अशी कल्पना करा. प्रत्येकाने आधी आपली घागर भरायची आणि वरून सांडेल तेवढंच पाणी पुढच्याला द्यायचं. काँक्रीटमध्ये उष्णता अशीच सरकते. वरचा थर आधी स्वतः तापतो, मग खालच्याला देतो. त्यामुळे उन्हाची लाट खाली पोचायला वेळ लागतो आणि वाटेत ती लहानही होत जाते. पाच इंची स्लॅबमध्ये हा उशीर साधारण तीन-चार तासांचा असतो. म्हणजे दुपारी दोनचा कहर खाली पोचतो तो पाच-सहाला, नेमके आपण घरी येतो तेव्हा. दहा बाय बाराच्या खोलीवरचा असा स्लॅब सव्वातीन टनांच्या वर भरतो. तो 10 अंशांनी निवायचा तर आठ युनिट विजेएवढी उष्णता बाहेर पडावी लागते. काही वर आकाशाकडे जाते, उरलेली तुमच्याकडे.

तुमच्याकडे ती येते मुख्यतः प्रारणाने, शेकोटीची धग चेहऱ्याला लागते तशी. 45 अंशांचं छत दर चौरस मीटरला सुमारे 580 वॅट प्रारण सोडतं आणि 35 अंशांची त्वचा सुमारे 510. फरक 70 वॅटचा, तोही तुमच्या अंगावर. स्वस्थ पडलेल्या माणसाला स्वतःची शंभरेक वॅट उष्णता बाहेर टाकायची असते, तिथे छतच उलट भर घालतं. ही धग हवेतून आरपार येते. कूलर हवा थंड करतो, छताला तो काही करत नाही.

आता माळवद आठवा. सोलापूर-मराठवाड्यातल्या जुन्या घरांवर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर असे. फूट-सव्वा फूट कोरड्या मातीतून दिवसाची लाट खाली यायला दहा-बारा तास लागतात. ती पोचते मध्यरात्रीच्या सुमारास, तीही विसाव्या हिश्श्याएवढी उरून. दुपारी माळवदाखाली गार झोप लागते ती यामुळे. पण चौरस मीटरला पाचशे किलोंवर वजन डोक्यावर असतं. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडी भिंती आणि ही जड छपरं कोसळून हजारो माणसं गेली. त्यानंतर लोकांनी माळवद सोडून स्लॅब आणि पत्रे घातले, याला कुणी नावं ठेवू नयेत.

मातीचं ते काम आता फोमचा हलका पट्टा करू शकतो. उष्णता अडवण्यात एक इंच थर्माकोल जवळजवळ मीटरभर काँक्रीटच्या तोडीचा आहे, कारण त्यात आहे ती मुख्यतः अडकून पडलेली हवा. दोन इंचांच्या थराचं वजन चौरस मीटरला दीड-दोन किलोंच्या आतच. नुसत्या स्लॅबचा उष्णता पार करण्याचा आकडा, म्हणजे यू-मूल्य, साडेतीनच्या आसपास येतो. घरांसाठीच्या 2018च्या 'इको निवास संहिते'त छतासाठी मर्यादा 1.2 आहे. एका इंचाने आपण एकच्या जवळ येतो, दोन इंचांनी 0.6 वर. भर दुपारी त्या दहा बाय बाराच्या खोलीत छतातून हजारेक वॅट शिरत असतील, तर दोन इंचांनंतर दीड-दोनशे.

वरच्या मजल्यावर झोप लागत नाही म्हणून आमच्या ओळखीतल्या एकांनी वास्तुवाल्याच्या सांगण्यावरून पलंग नैऋत्येच्या खोलीत हलवला. वर स्लॅब आणि दोन बाजूंना दक्षिण-पश्चिमेच्या भिंती, म्हणजे संध्याकाळी घरातली सगळ्यात तापणारी खोली. मला याचा राग येतो, कारण दक्षिणा म्हणून दिलेल्या पैशांत गच्चीला दोन हात चुना लागला असता. पांढरा चुना बरंचसं ऊन परत पाठवतो, चायना मोझॅकच्या पांढऱ्या तुकड्यांचंही तेच. मात्र धूळ बसली की गुण कमी होतो, दर उन्हाळ्याआधी गच्ची धुवावी लागते. 'एका हातात खोली वीस अंश थंड' म्हणणाऱ्या डब्यांवर विश्वास ठेवू नका. रंग ऊन परतवतो तेवढंच. रंगाच्या कागदाएवढ्या थरात उष्णता अडवायला जागाच नसते.

पट्टा स्लॅबच्या वर घालायचा. पीओपीच्या छतात खालून घातला तरी उष्णता अडते, पण स्लॅब स्वतः रोज तापून फुगतो, निवून आकसतो आणि वॉटरप्रूफिंगला भेगा पडतात. वर घातला तर तोच तीन टनांचा स्लॅब सावलीत राहतो आणि रात्रीचा गारवा धरून ठेवतो. गच्चीवर साधा थर्माकोल नको, तो हळूहळू पाणी धरतो. एक्सपीएस नावाचा बंद छिद्रांचा फोम मिळतो, तो घ्यावा. खाली वॉटरप्रूफिंग, त्यावर फोम, वर कोबा आणि चायना मोझॅक. गवंड्याला हा क्रम कोबा करायच्या आधीच सांगा, नंतर सगळं फोडावं लागतं.

आणि रात्री खिडक्या उघड्या ठेवा. हा पट्टा उष्णता बाहेर जातानाही अडवतो, त्यामुळे माणसांची, गॅसची, फ्रिजची ऊब वाऱ्यानेच काढावी लागते.