‘तो तसोच’: स्वमग्न मुलांच्या दुखण्यांची पार्श्वभूमी

मालवणजवळच्या आमच्या वाडीत चौदा वर्षांचा एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा आहे. तो बोलत नाही. गेल्या भाद्रपदात तो उजव्या गालावर मुठीने मारून घेऊ लागला, जेवणाचं ताट ढकलू लागला. आरत्यांचा, फटाक्यांचा आवाज सोसत नसेल, असं सगळ्यांनी धरलं. गणपती पोचवले, वाडी शांत झाली, तरी मूठ थांबेना. दोन दवाखान्यांतून झोपेच्या गोळ्या मिळाल्या. शेजारीपाजारी म्हणत, ‘तो तसोच.’ आजीने देवळात कौलही लावला. शेवटी दातांच्या एका डॉक्टरांनी त्याला मांडीवर टेकवून, बॅटरी मारून तोंडात पाहिलं. खालची दाढ मुळापर्यंत किडली होती.

या ‘तो तसोच’ला मोठा इतिहास आहे, आणि तो कोकणात सुरू झालेला नाही.

१९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरला लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी अकरा स्वमग्न मुलांवर निबंध लिहिला. त्यातली कित्येक मुलं तान्हेपणापासून नीट जेवत नव्हती, ओकत होती. कॅनर यांनी हे बारकाईने नोंदवलं, पण अर्थ वेगळा लावला: अन्न म्हणजे बाहेरच्या जगाची घुसखोरी, म्हणून मूल ते नाकारतं. मोठ्या आवाजाच्या भीतीचंही त्यांनी तेच केलं. पोट आणि कान डोळ्यांसमोर असूनही सगळं मनाच्या खात्यात गेलं. पुढची वीसेक वर्षं तर आईच्या थंडपणालाच दोष दिला गेला. किती आयांनी तो निमूट सोसला असेल!

शरीर परत चर्चेत आलं ते फिट्समुळे. लंडनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा वयात येताना बऱ्याच जणांना फिट्स येऊ लागल्याचं दिसलं. आईच्या वागण्याने फिट्स येत नाहीत. १९७७ साली जुळ्यांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा धागाही पुढे आला.

पोटाचं मात्र नशीब वाईट. १९९८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरांनी आतड्याचा विकार, स्वमग्नता आणि गोवर-गालगुंड-रुबेलाची एकत्र लस यांची सांगड घातली. तो निबंध २०१० साली मागे घेतला गेला, लसीचा संबंध खोटा ठरला. पण त्या गदारोळात बद्धकोष्ठ, आम्लपित्त यांसारख्या साध्या, उपचार होणाऱ्या तक्रारींकडेही संशयाने पाहिलं गेलं. २०१० सालीच अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या गटाला मुद्दाम सांगावं लागलं की, या मुलांचं पोट इतर मुलांसारखंच तपासा. वागणं अचानक बदललं तर वेदना आहे का ते पाहा.

मनाच्या आजारांचीही तीच गत. २०१३पर्यंत अमेरिकी निदानपुस्तिकेच्या नियमाने स्वमग्नतेसोबत अतिचंचलतेचं निदान करता येत नव्हतं. चिंता, नैराश्य हे ‘स्वभाव’ म्हणून सुटून जाई. याची किंमत २०१६च्या स्वीडनमधल्या अभ्यासात दिसली: मृत्यूचं सरासरी वय स्वमग्न व्यक्तींमध्ये सुमारे ५४, इतरांमध्ये ७०. बौद्धिक अक्षमता असलेल्यांत अपस्मार (फिट्सचा आजार) आणि नसलेल्यांत आत्महत्या ही कारणं ठळक होती.

आपल्याकडे १९९५च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, त्यातून पुढे ‘निरामय’ हा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळाला. २०१६च्या कायद्याने तिला अपंगत्वाच्या यादीत जागा दिली. किनाऱ्यापुरतं बोलायचं तर उत्तर गोवा देशातल्या एका मोठ्या पाहणीत होता. २०१८ साली छापून आलेल्या त्या पाहणीत मेंदूविकासाचे विकार असलेल्या मुलांपैकी जवळजवळ पाचव्या हिश्श्याला एकाहून जास्त विकार आढळले. म्हणजे एका निदानापाशी थांबणं चुकीचं, हे आपल्याच मातीतून दिसलं होतं. गोव्यातच मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगत’ संस्थेच्या कामातून, तज्ज्ञ नसलेले कार्यकर्ते घरी जाऊन आईबापांना मुलाशी संवाद साधायला शिकवू शकतात, हेही सिद्ध झालं.

त्या मुलाची आई आता शाळेची जुनी वही ठेवते. तारीख, झोप, शौच, काय खाल्लं नाही, हात कुठे गेला. दवाखान्यात गेल्यावर ती वही आधी पुढे करते, मुलाची ओळख नंतर करून देते.